नव्या प्रदूषकांसाठी डॅफ्निया चाचणी: कृती आणि फसण्याच्या जागा

औषधांचे अवशेष, कीटकनाशकं किंवा पीफास गटातली (सहजी न विघटणारी, फ्लोरिनयुक्त) रसायनं पाण्यातल्या जिवांना किती घातक आहेत, याचा पहिला अंदाज बहुधा डॅफ्निया मॅग्ना या इवल्याशा पाणपिसवेवर घेतला जातो. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेची २०२ क्रमांकाची पद्धत वाचायला सोपी आहे. फसतं ते तयारीत.

पिल्लं २४ तासांच्या आतली हवीत, पहिल्या विणीतली नकोत. कल्चरमध्ये (पाळलेल्या डॅफ्नियांच्या समूहात) नर किंवा काळसर वेष्टनातली सुप्त अंडी दिसू लागली, तर ते ताणाखाली आहे. ते बाजूला ठेवा.

रसायनाच्या किमान ५ संहती (पाण्यातली प्रमाणं) घ्या. लगतच्या दोघींमधला गुणक २.२ च्या आत असावा. प्रत्येक संहतीला २० पिल्लं, ४ बीकरांत ५-५, पिल्लामागे निदान २ मिलि द्रावण. तेवढाच नुसत्या पाण्याचा नियंत्रण गट. रसायन विरघळवायला विद्रावक लागलाच तर लिटरला ०.१ मिलिपर्यंतच, आणि त्याचा नियंत्रण गट वेगळा. तापमान १८ ते २२ अंशांत, पण चाचणीभर स्थिर. खाद्य नाही, हवेचे बुडबुडे नाहीत. पिल्लं सोडताना पिपेटचं टोक पाण्याखाली धरा. कवचात हवा अडकलेलं पिल्लू वर तरंगतं आणि उगाच बाधित धरलं जातं.

२४ आणि ४८ तासांनी बीकर हलकेच हलवा. १५ सेकंदांत पोहलं नाही ते निश्चल, शृंगिका (डोक्यावरचे स्पर्शक) हलत असल्या तरी. नियंत्रण गटात २० पैकी २ हून जास्त निश्चल निघाली किंवा शेवटी विरघळलेला ऑक्सिजन लिटरला ३ मिलिग्रॅमच्या खाली गेला, तर चाचणी बाद.

सगळ्यात जास्त घोळ संहतीत होतो. डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक उजेडात विघटतं; तेलकट स्वभावाची रसायनं प्लॅस्टिकला चिकटतात, म्हणून काच बरी. पीफाससाठी मात्र पॉलिप्रॉपिलीन घ्या, टेफ्लॉन टाळा. सुरुवातीला आणि शेवटी नमुने काढून संहती मोजाच. ठरवलेल्या आकड्यापेक्षा २० टक्क्यांहून जास्त फरक पडला, तर ईसी५० (निम्मी पिल्लं निश्चल करणारी संहती) मोजलेल्या संहतीवरूनच काढा.

संप्रेरकांसारखी रसायनं या चाचणीत निरुपद्रवी वाटू शकतात. कॅनडातल्या प्रायोगिक सरोवरात इथिनिलइस्ट्रॅडिओल या गर्भनिरोधक गोळ्यांतल्या संप्रेरकाच्या लिटरला ५ ते ६ नॅनोग्रॅम मात्रेने फॅटहेड मिनो मासे जवळपास संपले होते. अशा रसायनांसाठी माशांवरची २१ दिवसांची प्रजनन चाचणी, २२९ क्रमांकाची, निवडा.