सिरीयलचा भारी काळ कुठला आणि बोअर काळ कुठला, यावर नीट भांडायचं कसं

मागे आमच्याकडे मामेबहिणीचं केळवण होतं आणि पंगत उठायच्या आधीच 'आई कुठे काय करते!' ह्या सिरीयलवरून जे जुंपलं ते मठ्ठा संपला तरी संपेना. नवरीमुलगी बिचारी बाजूला बसून उखाणा आठवतेय आणि इकडे काकू म्हणतेय आशुतोष आला आणि सिरीयलची वाट लागली, मावशी म्हणतेय अगं आशुतोष आला म्हणून तर मी बघायला लागले, आणि वहिनी म्हणतेय ते सोडा, पहिली संजना होती तेव्हाची मजा परत आलीच नाही. (न बघणाऱ्यांसाठी: अरुंधती म्हणजे नावातली आई, अनिरुद्ध देशमुख तिचा नवरा, संजना त्या नवऱ्याची 'मैत्रीण', आणि आशुतोष हा अरुंधतीचा पुढे होणारा दुसरा नवरा.) अर्धा तास आवाज चढलेले आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला की ह्या तिघी तीन वेगवेगळ्या सिरीयलींबद्दल बोलतायत, नाव तेवढं एक. २३ डिसेंबर २०१९ ला सुरू झालेली गोष्ट ३० नोव्हेंबर २०२४ ला संपते, म्हणजे जवळजवळ पाच वर्षं, त्यात माणसं बदलली, घरं बदलली, वेळ बदलली. तेव्हा भांडायचंच असेल (भांडायचंच, त्याशिवाय सिरीयल बघायची कशाला) तर थोडं पद्धतशीर भांडू.

पहिला प्रश्न समोरच्याला एकच विचारायचा: कुठून कुठपर्यंत बघितलीस? हा विचारल्याशिवाय पुढे जायचंच नाही. मी काकूला विचारलं तर उत्तर असं आलं.

"काकू, तू बघायची सोडलीस कधी?"
"सोडली कुठे, दादूची बारावी होती ना, केबलच बंद केली होती. ती अरुंधती घर सोडते ना, तेवढ्यात."
"मग आशुतोष कुठे बघितलास?"
"अगं... शेजारी लागायचं. आणि मोबाईलवर तुकडे यायचे."

म्हणजे २०२१ च्या पावसाळ्यात केबल बंद, आशुतोष केळकर आला त्यानंतर, आणि काकू तीन वर्षं ठामपणे सांगतेय की त्याने सिरीयल बिघडवली. मी तिला दोष देत नाही, आपण सगळेच हे करतो, जिथून आपण सोडली तिथून सिरीयल बिघडली असं आपल्याला मनापासून वाटत असतं, कारण नाहीतर सोडली कशाला असती.

मग काळ पाडायचे. वर्षांवरून पाडू नका, २०२० चं पर्व, २०२१ चं पर्व असं काही नसतं, कोणाच्याच डोक्यात तारखा नसतात. मुख्य बाईच्या आयुष्यात नेमकं काय बदललं की गोष्ट बदलते ते शोधायचं. ह्या सिरीयलसाठी माझा नियम साधा आहे: अरुंधती रात्री कुठल्या घरात झोपते? आधी देशमुखांच्या समृद्धी बंगल्यात, काहीच माहीत नसताना. मग त्याच बंगल्यात, पण अनिरुद्ध आणि संजनाचं सगळं कळल्यानंतर. मग घटस्फोट होऊन बाहेर, एकटी, गाण्याकडे परत वळलेली, आणि आशुतोष आयुष्यात येतो. मग २०२३ मध्ये त्याच्याशी लग्न होऊन केळकरांच्या घरात. आणि २०२४ मध्ये आशुतोष अपघातात गेल्यावर फिरून देशमुखांच्यात. झाले पाच. आता भांडण करताना नुसतं "सुरवातीची" म्हणायचं नाही, कळायच्या आधीची की कळल्यानंतरची ते सांगायचं, कारण ह्या दोनात जमीन अस्मानाचा फरक आहे आणि लोक दोन्हीला सुरवात म्हणतात.

दुसरी सिरीयल असेल तर मोजपट्टी दुसरी घ्या. 'माझ्या नवऱ्याची बायको' २०१६ ते २०२१ चालली, तिचे काळ राधिकावरून, म्हणजे बायकोवरून, पाडायला गेलात तर गोंधळ होईल, नवऱ्याच्या मैत्रिणीवरून, शनायावरून पाडा: रसिका सुनीलची शनाया, मग २०१८ पासून ईशा केसकरची, मग २०२० ला परत रसिका. तीन तुकडे आपोआप पडतात. 'चार दिवस सासूचे' तर २००१ ते २०१३, तीन हजारांवर एपिसोड, तिथे कुठलीच मोजपट्टी पुरत नाही, माझी आई तिचे काळ आमच्या इयत्तांवरून पाडते, तू पाचवीत होतीस तेव्हाचं, दादा इंजिनीअरिंगला गेला तेव्हाचं. हसू नका, तिला जेवढं अचूक आठवतं तेवढं मला आठवत नाही.

आता जरा वेळ काढून करायचं काम, आणि हे बहुतेक कोणी करत नाही: परिस्थितीचं माप वेगळं काढून ठेवायचं. लेखकाने बिघडवलं आणि परिस्थितीने बिघडलं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 'आई कुठे काय करते!' सुरू होऊन तीन महिने होत नाहीत तोवर मार्च २०२० मध्ये करोनामुळे शूटिंगच बंद झालं, नवीन एपिसोड थेट जुलैत. त्या मधल्या काळात संजना बदलली, दीपाली पानसरे होती तिच्या जागी रुपाली भोसले आली. आता वहिनीचं म्हणणं घ्या, पहिली संजना भारी. हिशोब करा, डिसेंबरच्या शेवटापासून मार्चपर्यंत, आठवड्याला सहा, म्हणजे सत्तर पंचाहत्तर एपिसोड. त्यात संजनाला अजून लपूनछपूनच वागायचं होतं! नवऱ्याची "मैत्रीण" असणं आणि त्या घरात सून म्हणून येऊन सासरे अप्पा आणि सासू कांचनआईंसमोर उभं राहणं, ह्यातलं अवघड काम सगळं दुसरीच्या वाट्याला आलं. दोघींची तुलना करायचीच असेल तर नटीची करू नका, त्या काळात त्या पात्राला करायला काय दिलं होतं त्याची करा. वहिनी ह्यावर दोन मिनिटं गप्प होती, आमच्या घरात हा रेकॉर्ड आहे.

तसंच २०२१ चा उन्हाळा. महाराष्ट्रात परत शूटिंग बंद, बऱ्याच मराठी युनिट गोवा, सिल्वासा, गुजरात असं कुठे कुठे गेल्या, गोव्यातली परवानगी तर मे महिन्यात मधेच काढून घेतली गेली. त्या दिवसांतले कुठल्याही सिरीयलचे एपिसोड बघा, अख्खं खानदान एका नव्याच घरात कोंबलेलं, निम्मी माणसं फोनवर, कोणीतरी कायम "गावाला गेलेलं". ते आठवडे सरळ वगळायचे, त्यावरून पर्व वाईट ठरवणं म्हणजे लाईट गेलेली असताना केलेल्या पोळ्यांवरून सुगरणीची परीक्षा घेणं.

टीआरपीचं काय करायचं? कोणीतरी तो पत्ता टाकणारच, दर गुरुवारी आकडे येतात आणि आमच्या मावसभावाला ते पाठ असतात. आकडे खरेच असतात पण त्यातून किती जणांनी बघितली ते कळतं, बरी होती का ते नाही. आणि ह्या सिरीयलला तर एक मोठी खोच आहे. पाच वर्षांतली चारहून जास्त ती संध्याकाळी साडेसातला होती, कुकरची शिट्टी, दिवाबत्ती आणि ही, असं घड्याळच बसलेलं. मार्च २०२४ मध्ये ती दुपारी अडीचला गेली. आता अडीचला घरात असतं कोण! नोकरीवाल्या सगळ्या बाहेर. त्यामुळे "शेवटचं दुपारचं पर्व सगळ्यात भिकार" असं जे सगळीकडे ऐकू येतं ते म्हणणाऱ्यांपैकी किती जणींनी ते बघितलंय हे एकदा विचारून बघा. मी विचारलं, आमच्या डब्याच्या ग्रुपमध्ये सहापैकी एकीने, आणि तिलाही बाळंतपणाची रजा होती म्हणून.

अजून एक, "ही सगळी अनुपमाची कॉपी" हा मुद्दा आला की तिथल्या तिथे थांबवा. मूळ गोष्ट बंगाली, 'श्रीमोयी', २०१९ ची. मराठी त्याच वर्षी डिसेंबरात आली आणि हिंदी 'अनुपमा' जुलै २०२० मध्ये, म्हणजे हिंदीच्या आधी आपली. पण हे सांगून नुसतं कॉलर ताठ करून बसू नका, त्याचा उपयोग वेगळा आहे. सांगाडा बंगालीतून आलेला असला तरी अरुंधती जे बोलते ते इथे लिहिलं गेलं, पटकथा नमिता वर्तक आणि संवाद मुग्धा गोडबोले, आणि म्हणून एखादं पर्व आवडलं तर गोष्ट आवडली की बोलणं आवडलं हे वेगळं करून बघा. मला स्वतःला कित्येक आठवडे गोष्ट पटत नसायची पण अप्पा आणि अरुंधती चहा घेत बोलत बसले की मी हातातलं काम टाकून बघायचे.

हे सगळं झालं की मग खरी परीक्षा. प्रत्येक काळातले दोन तीन एपिसोड काढून बघायचे, हॉटस्टारवर (आताचं जिओहॉटस्टार) पडलेले आहेत. पण घटस्फोटाचा, लग्नाचा, घर सोडल्याचा एपिसोड घ्यायचा नाही, ते दिवस कुठल्याही सिरीयलचे चांगलेच असतात, सगळी ताकद तिथे लावलेली असते. साधा मंगळवारचा घ्या, ज्यात काहीच विशेष नाही. मग मागच्या भागाचा आढावा वजा करा, सगळ्यांच्या चेहऱ्यावर एकेक करून कॅमेरा फिरतो ते वजा करा, आणि उरलेल्यात दोन गोष्टी बघा. एक, सुरवातीला जे कोणाला माहीत नव्हतं ते शेवटी कोणाला तरी माहीत झालं का. दोन, आणि ही माझी खास, की नावातला प्रश्न त्या एपिसोडमध्ये कोणी विचारतंय का. तोंडाने नाही, वागण्यातून. अप्पांची औषधं, पोरांचे डबे, कांचनआईंचं पथ्य, अनिरुद्धचा चहा, हे सगळं एक बाई करतेय आणि घरातल्या कोणालाही ते दिसत नाहीये, हे ज्या मंगळवारी दिसतं तो काळ चांगला.

ह्या हिशोबाने माझं मत सांगते, पटलं नाही तर वर दिलेल्याच पद्धतीने भांडा. सगळ्यात भारी काळ दुसरा, कळल्यानंतर पण घर सोडायच्या आधीचा. कारण तिला माहीत आहे, त्यांना माहीत आहे की तिला माहीत आहे, आणि तरी सकाळी चहा तीच टाकतेय. मिलिंद गवळींच्या अनिरुद्धचा त्या काळात इतका राग यायचा की आमच्या शेजारच्या आजी टीव्हीकडे बघून बोटं मोडायच्या, नटाला ह्याहून मोठी पावती नाही. अरुंधती झालेल्या मधुराणी प्रभुलकरला तर त्या दिवसांत बोलायलाही लागायचं नाही, नुसती ओट्याशी पाठमोरी उभी राहिली तरी कळायचं.

आणि सगळ्यात वाईट? दुपारचा नाही. चौथा, लग्नानंतरचा केळकरांच्या घरातला. तिकडे पोचेपर्यंत किती धीराने आणली होती गोष्ट, ओंकार गोवर्धनचा आशुतोष वाट बघतोय, ती अडखळतेय, पोरं काय म्हणतील, कांचनआई काय म्हणतील. पोरं मोठी झालेल्या बाईचं दुसरं लग्न 'अग्गबाई सासूबाई' ने आधी दाखवलं होतं म्हणा, पण इथे पहिला नवरा आणि सासर समोर धडधडीत जिवंत असताना, म्हणजे केवढा मसाला होता. आणि लग्न लागल्यावर काय, तर गैरसमज, अनिरुद्धची लुडबूड, परत गैरसमज, आणि कंटाळून त्या माणसालाच गाडीखाली घातलं. नव्या घरात तिची सकाळ कशी असते, तिथे चहा कोण करतं, एवढं जरी चार एपिसोड नीट दाखवलं असतं ना तरी मी गप्प बसले असते. मावशी म्हणते मी दुष्ट आहे, तिला त्या काळातलं सगळं आवडतं, ती आशुतोषच्या शर्टांवरही बोलू शकते. ठीक आहे, निदान तिने सगळे एपिसोड बघितलेत.

भांडण जास्तच तापलं तर जेवायला वाढून घ्या, आणि ज्याने बघितलेली नाही अशा माणसाला (घरातले पुरुष, बहुतेक खोटं बोलतात, चोरून बघतात) निवाडा करायला लावा, तो अर्ध्या तासात पळून जातो आणि सगळ्या एका बाजूला होतात.

काकूचं एक सांगायचं राहिलं. केळवणानंतर तिने लेकाकडून मोबाईलवर हॉटस्टार घालून घेतलं आणि जिथे केबल बंद झाली होती बरोबर तिथून सुरू केलं, रोज दुपारी दोन एपिसोड. परवा फोन आला, लग्नापर्यंत पोचली होती. म्हणाली, "आशुतोष वाईट नाही गं, उगीच बोलले मी. आता उद्यापासून तुझा तो वाईट काळ सुरू होतोय ना? बघते आणि मग येते तुझ्याकडे."