फ्रीस्टाइलमध्ये करिअर करायचंय? या चुका टाळा

2018 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत कोल्हापूरचा जलतरणपटू वीरधवल खाडे यानं 50 मीटर फ्रीस्टाइलच्या हिटमध्ये, म्हणजे प्राथमिक फेरीत, 22.43 सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला. फायनलमध्ये त्याची वेळ आली 22.47. कांस्यपदक जपानच्या जलतरणपटूला मिळालं, 22.46 वर. हिटमधलंच टायमिंग पुन्हा निघालं असतं तर पदक त्याचं होतं. या वेगात एक शतांश सेकंद म्हणजे जेमतेम दोन सेंटिमीटर. त्या दिवशी नेमकं काय कमी पडलं हे काठावर बसून सांगण्यात अर्थ नाही. पण त्याची कारकीर्द समोर ठेवली की आपल्या तलावांवर पालक आणि कोच मंडळी काय चुका करतात ते लख्ख दिसतं.

"आमचा मुलगा स्प्रिंटरच आहे"

दहा वर्षांच्या पोराबद्दल आईबाप हे ठामपणे सांगतात, कारण त्यानं शाळेच्या स्पर्धेत 50 मीटर जिंकलेलं असतं. बऱ्याचदा तो इतरांपेक्षा फक्त वीतभर उंच असतो. वीरधवल 2008 मध्ये, सोळाव्या वर्षी, बीजिंग ऑलिंपिकला गेला तेव्हा 50, 100 आणि 200 अशा तिन्ही फ्रीस्टाइल शर्यतींत उतरला होता. आणि गंमत बघा, 2010 च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत या फ्रीस्टाइलवाल्याला कांस्यपदक मिळालं ते 50 मीटर बटरफ्लायमध्ये! 1986 ला सोलमध्ये खजानसिंगनं रौप्य मिळवलं, त्यानंतर आशियाई स्पर्धेच्या जलतरणात भारताला थेट 24 वर्षांनी आलेलं ते पदक.

तेव्हा तेरा-चौदाव्या वर्षापर्यंत चारही स्ट्रोक चालू ठेवा, 400 मीटरही पोहू द्या. 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये बटरफ्लाय, बॅकस्ट्रोक आणि ब्रेस्टस्ट्रोकच्याही 50 मीटर शर्यती येत आहेत. दार आधीच कशाला लावून घ्यायचं?

खोटं टायमिंग

"तलावात 27 येतं, स्पर्धेत 28 कसं?" हा प्रश्न दर मोसमात ऐकू येतो. आधी तलाव किती मीटरचा ते बघा. 25 मीटरच्या तलावात मध्ये एक टर्न मिळतो, भिंतीला लाथ मारून वेग मिळतो; 50 मीटरच्या तलावात तो मिळत नाही. दुसरी गोष्ट, हातातलं स्टॉपवॉच. शिट्टी ऐकून बटण दाबायला माणसाला क्षणभर उशीर होतो, पण पोहणारा भिंतीशी येताना दिसत असल्यानं शेवटचं बटण वेळेवर दाबलं जातं. वेळ आपोआप कमी भरते. वहीत प्रत्येक टायमिंगपुढे तलावाची लांबी आणि घड्याळाचा प्रकार लिहा. निम्म्या तक्रारी तिथेच मिटतील.

शेवटचे पाच मीटर

सरावात मुलं भिंत दिसली की सैल पडतात. डोकं वर काढतात, एक श्वास घेतात आणि तळहातानं भिंतीला टेकतात. पुढे स्पर्धेतही शरीर तेच करतं. उपाय कंटाळवाणा आहे, पण एकच आहे: प्रत्येक सेटमधली प्रत्येक लांबी स्पर्धेसारखी संपवायची. भिंतीपासून पाच मीटरवर वर टांगलेल्या झेंड्यांच्या दोरीखालून गेल्यावर श्वास नाही, मान खाली, हात पूर्ण ताणलेला, स्पर्श बोटांच्या टोकांनी. शेवटचा हात अर्धवट राहत असेल तर दोरीपासून भिंतीपर्यंतचे हात मोजायला लावा आणि तो आकडा पाठ करून घ्या.

दहावी आणि नोकरी

आपल्याकडे सगळ्यात जास्त करिअर बुडतात ती इथे. दहावीच्या वर्षी पोहणं पूर्ण बंद, मग बारावी, मग "बघू". परत आल्यावर मूल पाण्यात अवजड वाटतं आणि सगळे म्हणतात, त्याच्यात दमच नव्हता. आठवड्यातून तीन दिवस तासभर पाण्यात गेलं तरी पाण्याची पकड बरीच टिकते. तेवढा वेळ दहावीच्या वर्षातही निघतो, हे माझं ठाम मत.

नोकरीचं गणित जास्त अवघड. वीरधवल तहसीलदार झाला आणि नोकरीच्या काळात त्याचं पोहणं मागे पडलं. 2009 मधला त्याचा 22.52 चा राष्ट्रीय विक्रम मोडायला 2018 उजाडावं लागलं, आणि मोडला तोही त्यानंच. मधली सगळी वर्षं सलग सराव झाला असता तर? याचं उत्तर कुणीच देऊ शकत नाही. पण खेळाडू कोट्यातून नोकरी घेताना सरावासाठी रजा किती, नेमणूक कुठे, जवळ 50 मीटरचा तलाव आहे का, हे रुजू होण्याआधी विचारून लेखी घ्या. मागाहून विनंतीअर्ज करत बसावं लागतं. आणि पंचविशीत सगळं संपलं असंही समजू नका: 2023 च्या गोव्यातल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत वयाच्या 32 व्या वर्षी 50 मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्ण जिंकून त्यानं निवृत्ती घेतली.

खांदा दुखतोय

पाण्यात शिरताना हात डोक्यापुढे मधली रेघ ओलांडतो का आणि अंगठा आधी शिरतो का, हे व्हिडिओवर तपासा. हात खांद्याच्या रेषेत, बोटं आधी. पॅडल, म्हणजे तळहाताला बांधायच्या सरावाच्या पट्ट्या, काही आठवडे बाजूला ठेवा, सराव कमी करा, तरीही दुखलं तर डॉक्टरकडे जा. औषध घेताना खेळाडू असल्याचं सांगा, कारण सर्दीच्या काही साध्या गोळ्यांतही बंदी असलेले घटक असतात आणि जबाबदारी खेळाडूचीच धरली जाते. दुखऱ्या खांद्यावर बटरफ्लायचे सेट मारायला लावणारा कोच असेल, तर तलाव बदला.