पिकअप घेताय? पेलोडच्या बाबतीत या चुका टाळा

शोरूममध्ये गेलं की पहिलं वाक्य कानावर पडतं ते "दोन टन आरामात ओढते साहेब", आणि आपल्यातले कितीतरी जण तिथंच बुकिंगचे पैसे देऊन मोकळे होतात. आता ओढते हे खरंच असतं. आजच्या पिकअपचं डिझेल इंजिन सपाट रोडला अडीच टन टाकलं तरी गाडी हलवतं. पण गाडी घेताना बघायचं असतं ते वेगळंच. भरलेली गाडी कसारा किंवा माळशेज उतरताना ब्रेक मारल्यावर थांबते का, मागचा एक्सल किती पेलतो, टायर किती सोसतात आणि आरसीवर म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या कागदावर किती लिहिलंय, या चारातलं जे उत्तर सगळ्यात कमी येईल तेवढाच माल त्या गाडीत टाकायचा. हे मी तळमळीने लिहितोय कारण पिकअप घेणारा माणूस बहुतेक वेळा कर्ज काढून घेतो, हप्ता फेरीच्या भाड्यातून फेडतो आणि कमी पडणारी गाडी गळ्यात पडली की तो ओव्हरलोड केल्याशिवाय राहूच शकत नाही.

नावातल्या आकड्यावर गाडी घेणं

बोलेरो पिकअपच्या नावातच 1.3, 1.7 असे आकडे असतात, टाटाची योद्धा 2.0 साल 2022 ला आली ती दोन टनांची म्हणूनच आली, आणि छोटा हत्ती म्हणजे टाटा एस 2005 पासून पाऊण टनाची गाडी म्हणून सगळ्यांना माहिती. हे आकडे खोटे नाहीत, पण ढोबळ आहेत आणि तुमच्या हातात येणाऱ्या गाडीचे ते असतीलच असं नाही. खरा आकडा आरसीवर असतो. त्यावर दोन वजनं बघा, एक अनलेडन म्हणजे रिकाम्या गाडीचं आणि दुसरं जीव्हीडब्ल्यू म्हणजे मालासकट सगळं मिळून जास्तीत जास्त किती ते. दोन्हीतला फरक म्हणजे पेलोड, म्हणजे गाडीत टाकता येणारा माल, असं लोक धरतात आणि इथंच पहिली गडबड होते, कारण मोटार वाहन कायद्यात अनलेडन वजनामध्ये ड्रायव्हर आणि त्याचा जोडीदार धरलेले नसतात. ते दोघं तुमच्या मालातूनच वजा होणार.

हिशोब करूनच बघू. समजा आरसीवर जीव्हीडब्ल्यू 3150 आणि अनलेडन 1700 आहे, म्हणजे 1450 किलो हातात. आता गाडी घेतल्यावर आपण फॅब्रिकेशनवाल्याकडे जाऊन उंच जाळी आणि केबिनवर कॅरिअर लावून घेतो, धरा 90 किलो. ड्रायव्हर आणि सोबतचा पोरगा मिळून 140. ताडपत्री, दोर, फळ्या असं 25. राहिले 1195 किलो. टोमॅटोचा भरलेला क्रेट प्लास्टिकच्या वजनासकट 22 किलोच्या आसपास जातो, म्हणजे कायदेशीर बसले 54 क्रेट. आणि नारायणगावच्या बाजारात अशाच गाडीत 80 क्रेट चढवायला कुणी मागेपुढे बघत नाही, ते होतात 1760 किलो, म्हणजे 565 किलो जास्त. गाडी तेवढीच, रोड तोच, फक्त हिशोब कुणी मांडलेला नसतो.

जाळी आणि बॉडीचं वजन आधी विचारायचं असतं. फॅब्रिकेशनवाला "मजबूत करून देतो" म्हणून जाड अँगल वापरतो, आणि त्या लोखंडाचं वजन तुम्ही रोज फुकट वाहता.

आपला माल किती वजनाचा हेच माहीत नसणं

माल डोळ्याने मोजायची सवय फार वाईट. चारा, थर्माकोल, फर्निचर यांनी हौदा भरतो पण वजन होत नाही, आणि वाळू-खडी-लोखंडाने हौदा अर्धा रिकामा दिसतो तोवर गाडी बसलेली असते. एक ब्रास म्हणजे 100 घनफूट, आणि कोरड्या वाळूचा एक ब्रास साडेचार टनांच्या आसपास भरतो. म्हणजे "अर्धाच ब्रास टाका हो" म्हणणारा गिऱ्हाईक सव्वादोन टन मागतोय, आणि ओली वाळू असली तर त्याहून जास्त. दोन टनांच्या पिकअपलासुद्धा हे झेपणारं नाही. सिमेंटची गोणी 50 किलो, पंचवीस गोण्या झाल्या की सव्वा टन. मातीची वीट साधारण तीन किलो धरा, 500 विटा म्हणजे दीड टन. पाण्याची हजार लिटरची टाकी भरून नेली तर एक टन पाणीच झालं, टाकी वेगळी, आणि अर्धवट भरलेली असली तर वळणावर ते पाणी एका बाजूला धावतं ते आणखी घातक. जनावरांचंही तसंच, एक मोठी म्हैस 500-600 किलोची असते आणि ती एका जागी उभी राहत नाही.

म्हणून गाडी बघायला जायच्या आधी घरी बसून लिहा की वर्षातले जास्त दिवस आपण काय वाहणार आणि त्याचं वजन किती. जड माल असेल तर पेलोड बघा, हलका आणि फुगीर असेल तर हौद्याची लांबी बघा. नऊ-दहा फुटी हौदा दिसायला छान असतो, पण त्यात वाळू भरायला लागलात की तोच लांब हौदा तुम्हाला खड्ड्यात घालणार, कारण जागा दिसली की माल चढतोच.

पाटे वाढवले म्हणजे पेलोड वाढला असं समजणं

ही सगळ्यात पसरलेली चूक आहे आणि सगळ्यात महागात पडणारीही. पाटे म्हणजे एक्सलवरच्या लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा. नवीन गाडी शोरूममधून निघते ती सरळ पाटेवाल्याकडे. दोन पाटे वाढवले, गाडी मागून उंच झाली, भरल्यावर बसत नाही, मालक खूश. पण पाट्याचं काम गाडी उचलून धरायचं, तेवढंच. एक्सल तोच आहे, हबचं बेअरिंग तेच आहे, चासी तीच आहे आणि ब्रेकचे ड्रम तर अजिबात बदललेले नाहीत. आरसीवरचं जीव्हीडब्ल्यूही पाटेवाला बदलू शकत नाही. उलट आधी गाडी बसली की डोळ्यांना कळायचं की लोड जास्त झालाय, आता ती खूणही गेली.

आणि एक गोष्ट फार कमी लोकांना माहिती असते. बऱ्याच पिकअपला मागच्या बाजूला, चासी आणि एक्सलच्या मध्ये एक लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह असतो. गाडी भरून खाली बसली की त्याची दांडी हलते आणि तो मागच्या ब्रेकला जास्त प्रेशर सोडतो, गाडी रिकामी असली की कमी सोडतो, म्हणजे रिकाम्या गाडीची मागची चाकं जाम होऊन ती घसरू नये. आता पाटे वाढवून गाडी कायमची उंच केली की त्या व्हॉल्व्हला वाटतं गाडी रिकामीच आहे. वर दोन टन माल आणि मागचा ब्रेक रिकाम्या गाडीएवढा. मग सगळा भार पुढच्या ब्रेकवर येतो, घाटात तो तापतो, पेडल खाली जायला लागतं आणि ड्रायव्हर म्हणतो ब्रेक लागत नव्हता. पाटे खरंच खराब झाले असतील तर कंपनीच्या मापाचेच टाका आणि तो व्हॉल्व्ह सर्व्हिस सेंटरला सेट करून घ्या, एवढं तरी करा.

टायरवरचे आकडे न वाचणं

टायरच्या बाजूला साइजच्या पुढे 106/104 असं काहीतरी लिहिलेलं असतं. पहिला आकडा सिंगल टायरसाठी, दुसरा जोडटायरसाठी. 106 म्हणजे एका टायरला 950 किलो, 104 म्हणजे 900, 100 म्हणजे 800. मागे दोनच टायर असलेल्या पिकअपला 106 चे टायर असतील तर मागच्या एक्सलवर जास्तीत जास्त 1900 किलो, आणि त्यात गाडीच्या मागच्या भागाचं स्वतःचं वजनही आलं. कुणी हजार-बाराशे रुपये वाचवायला 100 वाला टायर बसवला तर तेच 1600 वर आलं, इतकं साधं गणित आहे. शिवाय ही ताकद पूर्ण हवेवर असते, हवा कमी असली की टायर आतून तापतो आणि उन्हाळ्यात हायवेला फुटतो.

माल फाळक्याकडे ढकलणं

उतरवायला सोपं म्हणून जड माल मागे फाळक्याला, म्हणजे हौद्याच्या मागच्या उघडणाऱ्या झडपेला टेकवून ठेवतात. एक्सलच्या मागे वजन गेलं की पुढचं टोक उचलल्यासारखं होतं, स्टिअरिंग हलकं लागतं, आणि हलकं स्टिअरिंग म्हणजे पुढच्या चाकांची पकड गेलेली असते. पाऊस आणि घाट एकत्र आले की ते वळण बसत नाही. जड वस्तू केबिनला टेकवून, हलकं मागे. एकूण वजन मर्यादेत असलं तरी मागचा एक्सल एकटा ओव्हरलोड होऊ शकतो, हे लक्षात ठेवा.

"सगळेच भरतात" म्हणून दंडाचा हिशोब न करणं

मोटार वाहन कायद्याचं कलम 194, 2019 च्या दुरुस्तीनंतर असं आहे की जास्त वजन भरलं तर 20,000 रुपये दंड, वर जादा टनामागे 2,000, आणि जास्तीचा माल तिथंच उतरवायचा तोही तुमच्या खर्चाने. माल बाजूने, मागे किंवा उंचीला ठरलेल्या मापाबाहेर गेला तरी 20,000. वजन करायला गाडी थांबवली नाही तर 40,000. आणि ड्रायव्हरवर ढकलून मालकाला सुटता येत नाही, मालकाच्या माहितीनेच भरलं असं कोर्ट गृहीत धरू शकतं. वरच्या उदाहरणातल्या सव्वीस जादा क्रेटचं भाडं कितीही चांगलं धरा आणि आरटीओच्या वायुवेग पथकाने एकदा जरी धरलं तरी काय उरतं ते स्वतःच मांडा. त्यात टोमॅटो उन्हात रस्त्यावर उतरलेला.

काही जण 2018 चा दाखला देतात की सरकारनेच लोड वाढवून दिलाय. तो एक्सल लोड मोठ्या ट्रकांसाठी वाढला होता, दोन एक्सलचा सहा टायरी ट्रक 16.2 टनांवरून 18.5 वर गेला. त्यावरून तुमच्या पिकअपच्या आरसीवरचं वजन वाढत नाही. अपघात झाला तर विम्याचा सर्व्हेअरही बिल्टी म्हणजे मालाची पावती आणि काटा पावती मागतो, आणि वॉरंटीत तुटलेला एक्सल घेऊन गेलात की पहिला प्रश्न ओव्हरलोडचाच असतो.

मागे ट्रॉली किंवा मिक्सर जोडणं

आपल्याकडे पिकअपला मागे ओढायचं काम कमी असतं, पण काँक्रीट मिक्सर, जनरेटर, कॉम्प्रेसर जोडून नेणारे दिसतात. चासीला असलेला हुक बहुतेक वेळा बंद पडलेली गाडी बाहेर काढायला दिलेला असतो, रोज ओढायला नाही. मॅन्युअलमध्ये ट्रेलरचं वजन दिलेलं नसेल तर जोडू नका, आणि ट्रेलरची नोंदणीही वेगळी लागते. ट्रेलरचं पुढचं टोक गाडीवर जे वजन टाकतं, साधारण ट्रेलरच्या दहा टक्के, तेही पेलोडमधून वजा होतं. व्हिडिओत ऑस्ट्रेलियातली टोयोटाची हायलक्स पिकअप साडेतीन टन ओढताना दिसते ती स्वतःचे ब्रेक असलेल्या ट्रेलरला ओढते. इथल्या बिनब्रेकच्या ट्रॉलीला ते लागू करू नका. शिवाय हायलक्स, व्ही-क्रॉससारख्या पाच सीटच्या गाड्यांचं पेलोड बोलेरो पिकअपच्या निम्म्याहूनही कमी असतं, शेतीचा माल वाहायला म्हणून त्या घेऊ नका.

सीएनजी घेणार असाल तर सिलिंडरचं वजन पेलोड खातं, त्यामुळे डिझेलचा आकडा सीएनजीला लावू नका. इलेक्ट्रिकमध्येही एस ईव्ही पहिल्यांदा आली ती 600 किलोची होती, एक टनाची नंतर आली, दोन्ही एकच समजून बुकिंग करू नका.

काट्यावर न नेणं

मार्केट यार्ड, साखर कारखाना, खडी क्रशर, काटा सगळीकडे आहे आणि वजनाचा खर्च किरकोळ आहे. बुकिंगच्या आधी त्याच मॉडेलची, तशीच बॉडी लावलेली ओळखीच्या कुणाची तरी गाडी काट्यावर न्या. आधी रिकामी, टाकी फुल आणि ड्रायव्हर बसलेला. मग रोजचा माल भरून. मग तीच भरलेली गाडी अशी उभी करा की फक्त मागची चाकं काट्यावर राहतील, पुढची बाहेर सपाट जमिनीवर, म्हणजे मागच्या एक्सलचं वजन वेगळं कळेल. ते टायरच्या आकड्याशी आणि मॅन्युअलमधल्या एक्सलच्या मर्यादेशी लावून बघा. इथं कमी पडत असेल तर एक मॉडेल वरचं घ्या, हप्ता थोडा वाढेल पण दर वर्षी पाटे, बेअरिंग, टायर बदलायचा खर्च त्याहून जास्त असतो.

जुनी गाडी घेत असाल तर खाली झोपून बघाच. पाट्यांची संख्या दुसऱ्या त्याच मॉडेलशी जुळते का, पाटे एक्सलला आवळणारे यू-बोल्ट नवे का आहेत, हौद्याच्या खाली चासीवर, विशेषतः पाट्याच्या ब्रॅकेटजवळ, वेल्डिंगचे डाग किंवा वरून जाड रंग मारलेला आहे का. तिथं वेल्डिंग सापडलं तर किंमत कितीही कमी सांगितली तरी ती गाडी सोडून द्या.