महागडा परफ्यूम घेण्याआधी: सॅम्पल कसं लावायचं, दोन सेंट कसे ताडून बघायचे

भारीतला परफ्यूम घ्यायचा म्हटलं की बहुतेक जण काय करतात, काउंटरवर जातात, चार-पाच टेस्टर पटापट कागदाच्या पट्टीवर मारतात, प्रत्येक पट्टी दोन सेकंद नाकाशी धरतात आणि ज्याचा वास सगळ्यात जास्त उठून येतो ती बाटली घेऊन बाहेर पडतात. घर बघायला जावं आणि नुसतं दार बघून बयाणा देऊन यावं तसला हा प्रकार. कारण त्या दोन सेकंदांत नाकात जातं ते अल्कोहोल आणि त्याच्यासोबत बर्गमॉट, लिंबू असल्या झटकन उडणाऱ्या गोष्टी, त्या पंधरा-वीस मिनिटांत गेलेल्या असतात. तुम्ही अंगावर वागवणार ते त्यानंतरचे सहा-आठ तास. म्हणून माझं म्हणणं एकच आहे, परफ्यूम निवडायचा तो त्याच्या उत्तरार्धावरून, आणि तो उत्तरार्ध सॅम्पल अंगावर लावून दिवसभर वावरल्याशिवाय कळत नाही.

आधी बाटलीवरच्या शब्दांचं बघू, कारण तिथेच लोक सगळ्यात जास्त गोंधळतात. ढोबळमानाने ईडीटीमध्ये (ओ द त्वालेत) सुगंधी तेलांचं प्रमाण ५ ते १५ टक्के, ईडीपीमध्ये (ओ द पार्फम) १५ ते २० आणि पार्फम किंवा एक्स्ट्रे म्हटलं की २० च्या पुढे. पण हे आकडे काटेकोर नाहीत, प्रत्येक हाऊस, म्हणजे परफ्यूम बनवणारी कंपनी, आपापलं ठरवतं. आणि मुख्य म्हणजे ईडीपी म्हणजे तोच वास जरा जास्त स्ट्राँग, असं समजू नका. दिओर सोव्हाजचंच घ्या, ईडीटी २०१५ ची, ईडीपी २०१८ ची, पार्फम २०१९ चा आणि एलिक्सिर २०२१ चं. ईडीटीमध्ये बर्गमॉट, मिरी आणि खाली तो भरपूर अँब्रॉक्सन (प्रयोगशाळेत बनवलेलं सुगंधी रसायन), मोकळा आणि चरचरीत वास. एलिक्सिरमध्ये जायफळ, दालचिनी, वेलदोडा, लॅव्हेंडर, ज्येष्ठमध असा दाट मसालेदार मामला. नाव एक पण स्वभाव पूर्ण वेगळा. ब्लू द शनेलचंही तसंच, २०१० ची ईडीटी, २०१४ ची ईडीपी आणि २०१८ चा पार्फम हे तिन्ही वेगवेगळे समजूनच हुंगायचे. एक आवडला म्हणून दुसरा न बघता मागवायचा नाही.

आता सॅम्पल. कंपनीची छोटी शिशी साधारण १.५ ते २ मिलीची असते. मोठ्या बाटलीतून काढून ५ किंवा १० मिलीच्या शिशीत भरलेला तो डिकँट. बऱ्याच हाऊसेसचे डिस्कव्हरी सेट पण मिळतात, त्यांच्या पाच-सात वासांच्या शिश्या एकत्र, आणि नवीन हाऊसची ओळख करून घ्यायला त्यापेक्षा चांगला मार्ग नाही. मोठ्या बाटलीचा एक स्प्रे साधारण ०.१ मिलीचा धरला तर २ मिलीत वीसेक स्प्रे बसतात, म्हणजे एका वेळी तीन स्प्रे मारले तरी पाच-सहा वेळा लावून होतो, आणि एवढ्यात मत पक्कं व्हायला हरकत नाही. शिशी शक्यतो स्प्रेवाली घ्या. नुसत्या काडीने टेकवून लावायची असेल तर थेंब एकाच जागी बसतो, वास कातडीलगत राहतो आणि परफ्यूम आहे त्यापेक्षा मवाळ वाटतो, मग "यात काही दमच नाही" म्हणून आपण चांगला वास उगाच बाद करतो. डिकँट घेताना काचेची शिशी आहे का, नावासोबत ईडीटी की ईडीपी ते लिहिलंय का आणि विकणारा माणूस मूळ बाटलीचा फोटो दाखवतोय का, एवढं बघा. बाटलीवर छापलेला उत्पादनाचा बॅच कोड जुळला म्हणजे माल ओरिजिनल असं नाही, नकली माल बनवणारे तो कोडही कॉपी करतात.

काउंटरवर जायचं ते निवडायला नाही तर गाळायला. अंगाला आधी काही लावून जाऊ नका. पट्टीवर वीतभर अंतरावरून एक स्प्रे, लगेच पट्टीवर नाव लिहायचं (नंतर आठवेल म्हणता आणि पाच मिनिटांत चार पांढऱ्या पट्ट्या हातात घेऊन उभे राहता), अर्धा मिनिट अल्कोहोल उडू द्यायचं आणि मग पट्टी नाकाला न टेकवता नाकाखालून हलकेच फिरवायची. हलके वास आधी, जड वास नंतर, म्हणजे सिट्रस (लिंबू-संत्र्याचे) आणि अ‍ॅक्वाटिकवाले (पाण्यासारखे ताजे) पहिल्यांदा आणि ऊद, तंबाखू, लेदर सगळ्यात शेवटी, उलटं केलंत तर हलक्याचं काहीच लागणार नाही. एका फेरीत तीन, फार तर चार. त्यानंतर नाक बसतं आणि सगळंच गोड-गोड किंवा सगळंच तिखट लागायला लागतं. काउंटरवर कॉफीच्या बियांची वाटी ठेवलेली असते ना, तिचा विशेष उपयोग नाही. २०११ मध्ये यावर प्रयोग करून बघितलाय, कॉफी हुंगणारे आणि साधी हवा घेणारे यांच्यात काही फरक निघाला नव्हता. त्यापेक्षा दोन मिनिटं बाहेर मोकळ्या हवेत जाऊन उभं राहा नाहीतर स्वतःच्या शर्टाची बाही हुंगा, आपल्या अंगाच्या वासाला नाक सरावलेलं असतं त्यामुळे तिथे त्याला विसावा मिळतो. पट्ट्या फेकून देऊ नका, वेगवेगळ्या पाकिटात घालून घरी आणा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हुंगा. बर्गमॉट-लिंबू केव्हाच गेलेलं असतं, उरलेलं असतं ते लाकूड, मस्क, अँबर, पॅचुली. तिथे जे आवडेल त्याचंच सॅम्पल मागवायचं, यादी आपोआप निम्म्यावर येते.

सॅम्पल घरी आलं की एका शांत दिवशी, आंघोळीनंतर, बिनवासाचा साबण आणि बिनवासाचं डिओ वापरून मनगटाच्या वरच्या भागावर एक स्प्रे. कातडी कोरडी असेल तर आधी बिनवासाचं मॉइश्चरायझर लावा, कोरड्या कातडीवर परफ्यूम लवकर उडतो. मनगटं एकमेकांवर घासायची सवय असेल तर सोडा, घासल्याने रेणू तुटतात वगैरे जे सांगतात त्यात तथ्य नाही, पण कातडी तापते आणि सुरुवातीचा भाग भराभर उडून जातो. मग पाच मिनिटांनी, अर्ध्या तासाने, दोन तासांनी आणि पाच-सहा तासांनी हुंगून प्रत्येक वेळी दोन ओळी लिहायच्या, आपल्या शब्दांत, आणि कंपनीने दिलेली नोट्सची (त्यात कुठकुठले वास येतात त्यांची) यादी न वाचता. हे फार महत्त्वाचं आहे. एकदा "अननस" वाचलं की मेंदू अननस शोधून काढतोच. शिवाय त्या याद्या म्हणजे बाटलीतल्या सामानाची यादी नव्हेच, लेदर लिहिलंय म्हणून आत चामड्याचा अर्क नसतो आणि "अँबर" हा एक पदार्थ नसून लॅबडॅनम, व्हॅनिला, बेन्झॉइन असल्या गोष्टी मिळून तयार होणारा भास आहे.

तेर द'एर्मेसचं उदाहरण सांगतो, जाँ-क्लोद एलेना यांनी केलेला, २००६ चा, ईडीटी. लावल्या लावल्या संत्र्याची साल सोलल्यावर उडतो तसा कडवट-गोड फवारा येतो आणि त्याच्या पाठोपाठ मिरी. इथे बरेच जण "संत्र्याचा परफ्यूम" म्हणून शिक्का मारून मोकळे होतात. अर्धा-पाऊण तास जाऊ द्या, संत्रं मागे सरतं आणि एक कोरडा, दगडासारखा वास वर येतो, गारगोट्या एकमेकांवर आपटल्यावर येतो ना तो. दोन-तीन तासांनी वाळा आणि सीडरचं लाकूड स्थिरावतं, आणि मग संध्याकाळपर्यंत तेच राहतं. म्हणजे विकत घ्यायचा की नाही हा प्रश्न खरं तर "मला दिवसभर हा कोरडा वाळा-लाकडाचा वास चालेल का" असा आहे. संत्रं आवडलं म्हणून घेतलात तर दुपारपासून वेगळाच माणूस सोबत घेऊन फिरायला लागेल. दिओर होमची २००५ ची मूळ आवृत्ती तशीच, त्यातला आयरिस (एका फुलझाडाच्या मुळांचा पावडरी वास) कुणाला राजेशाही वाटतो तर कुणाला लिपस्टिकची आठवण येते, आणि हे अंगावर लावून बघितल्याशिवाय आपण कुठल्या बाजूचे ते कळत नाही.

आता तुलना, माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ द्यायचा तो इथे. पहिली गोष्ट, वासाच्या एकाच घराण्यातले ताडून बघा. टॉम फोर्डचा टोबॅको व्हॅनिल आणि तेर द'एर्मेस शेजारी ठेवून "कुठला चांगला" विचारण्यात काही अर्थ नाही, दोघांची कामंच वेगळी. सिट्रस सिट्रसशी, वुडी वुडीशी, फुजेर फुजेरशी. फुजेर म्हणजे लॅव्हेंडर, कुमारिन (वाळल्या गवतासारखा गोडसर वास) आणि ओकमॉस (झाडावर वाढणारं दगडफुलासारखं शैवाक) यांच्यावर उभं असलेलं पुरुषी वासांचं जुनं घराणं, १८८२ च्या हुबिगाँच्या फुजेर रॉयालपासून सुरू झालेलं, त्याच नावावरून घराण्याचं नाव पडलं.

दुसरी गोष्ट, दोन हातांवर दोन. डाव्यावर एक, उजव्यावर दुसरा, स्प्रे सारखेच, जागा सारखीच, वेळ एकच. दुसऱ्या दिवशी हात बदला, कारण आपण एक हात जास्त वापरतो, धुतो, टेबलावर घासतो, त्याने टिकण्यात फरक पडतो. यातून जो पुढे येईल तो मग एकटा, पूर्ण, नेहमीसारखा तीन-चार स्प्रे मारून कामावर न्यायचा. हातावरचा एक स्प्रे आवडणं वेगळं आणि दिवसभर त्या ढगात बसणं वेगळं.

तिसरी गोष्ट म्हणजे डोळे झाकून. नाव आणि बाटली दिसली की मत आधीच झालेलं असतं, म्हणून घरातल्या कुणाला तरी तीन पट्ट्या करायला सांगा, दोन एका परफ्यूमच्या आणि एक दुसऱ्याची, मागे नंबर टाकून. तुम्ही फक्त वेगळी कुठली ते ओळखायचं. वास-चवीची तपासणी करणारे लोक हीच पद्धत वापरतात, तिला ट्रँगल टेस्ट म्हणतात. नुसत्या अंदाजानेही तिनातून एकदा बरोबर येतंच, तेव्हा मधे विश्रांती घेत पाच-सहा वेळा करा, आणि एकदा ताज्या पट्ट्यांवर तर एकदा तीन तास जुन्या पट्ट्यांवर करा. ईडीपी आणि पार्फममधला फरक आपल्याला खरंच कळतो का, २०१० चा क्रीड अव्हेंटस आणि त्याच्या धाटणीचे स्वस्तातले क्लोन यातलं अंतर आपल्या नाकाला लागतं का, याचं उत्तर इथे मिळतं. पुष्कळदा सुरुवात सेम टू सेम असते आणि उत्तरार्धात क्लोन उघडा पडतो, कधी उलटंही होतं. फरक लागलाच नाही तर जास्त पैसे का मोजायचे याचा विचार जरूर करा.

टिकण्याबद्दल तक्रार करण्याआधी एक तपासा, परफ्यूम गेलाय की तुमचं नाक त्याला सरावलंय. एकच वास सतत येत राहिला की मेंदू त्याची नोंद घेणं कमी करतो, आणि मस्क किंवा आयसो ई सुपर (लाकडासारख्या वासाचं कृत्रिम रसायन) यांसारख्या मोठ्या रेणूंच्या बाबतीत तर काही लोकांना ते कमी लागतात, काहींना अजिबात लागत नाहीत. गेझा शोएन यांचा २००६ चा मॉलिक्यूल ०१ म्हणजे निव्वळ आयसो ई सुपरच, लावणाऱ्याला वास गेला असं वाटतं, परत येतो, परत जातो, आणि शेजारी बसलेल्याला मात्र तो येत असतो. म्हणून चार तासांनी जवळच्या माणसाला विचारा, हातभर अंतरावर येतो का आणि अगदी जवळ आल्यावर येतो का, हे दोन वेगळे प्रश्न म्हणून विचारा. काही उत्तम परफ्यूम दहा तास टिकतात पण कातडीलगतच राहतात, काही पहिले दोन तास खोली भरून टाकतात आणि मग संपतात. आपल्याला कशाला हवाय त्यावर कुठला बरा ते ठरतं.

गरमीत एकदा आणि थंडीत एकदा लावून बघता आलं तर फारच छान, उष्णतेने सगळं भराभर उडतं आणि गोड-जड वास अंगावर येतात. कातडी नाजूक असेल तर पहिल्यांदा कोपराच्या आतल्या बाजूला थोडासा लावून दिवसभर थांबा. जुने रिव्ह्यू वाचताना तारीख बघा, कारण ओकमॉसवर मर्यादा आल्या, लिलियाल हे सुगंधी रसायन युरोपियन युनियनमध्ये मार्च २०२२ पासून बंद झालं, असल्या नियमांमुळे जुने फॉर्म्युले बदलावे लागतात. दहा वर्षांपूर्वी कुणी कौतुक केलेला वास आणि आज बाटलीत मिळणारा वास यात फरक असू शकतो, म्हणून सॅम्पल सध्याच्या मालाचंच घ्यायचं.

सॅम्पलची शिशी संपेपर्यंत बाटली मागवू नका. संपल्यावर आठवडाभर जाऊ द्या, आणि तरी सकाळी हात त्याच वासाकडे जायला बघत असेल तर मग घ्या, आणि तेव्हाही आधी ३० किंवा ५० मिली. १०० मिली म्हणजे साधारण हजारेक स्प्रे, रोज चार मारले तरी अडीचशे दिवस, आणि तीन-चार परफ्यूम आलटून पालटून वापरणाऱ्याकडे तीच बाटली वर्षानुवर्षं पडून राहते. आणली की खोक्यातच, कपाटात ठेवा, बाथरूममध्ये किंवा खिडकीत नको, ऊन आणि उष्णतेने सगळ्यात आधी वरचे सिट्रस बिघडतात.