हळदीची पहिली खेप दुबईला पाठवण्याआधी

दुबईच्या दुकानदाराचा ‘भाव कळवा’ असा मेसेज आला की लगेच आकडा टाकायला हात शिवशिवतात. थांबा. आधी, ज्या लॉटमधून माल जाणार त्यातली हळद पावडर एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत द्या. शिसं, कीटकनाशकांचे अंश, ॲफ्लाटॉक्सिन (बुरशीचं विष), साल्मोनेला (पोट बिघडवणारे जिवाणू) आणि इथिलीन ऑक्साइड (जंतू मारायला वापरतात तो वायू), एवढं तरी तपासून घ्याच. एप्रिल 2024 मध्ये हाँगकाँग आणि सिंगापूरने काही भारतीय मसाले विक्रीतून काढायला लावले, ते या इथिलीन ऑक्साइडपायीच. कागदपत्रं पळापळ करून मिळवता येतात, पण अहवाल खराब आला तर लॉटच बदलावा लागतो.

त्याच लॉटचा नमुना सीलबंद करून, लॉट नंबर आणि तारीख घालून आपल्याकडेही ठेवा. पहिल्या खेपेला आम्ही तो ठेवला नव्हता. ग्राहक म्हणाला, रंग फिका आहे, आणि आमच्याकडे शेजारी धरून बघायला चिमूटभरही हळद नव्हती. पैसे कापून घेतले त्याने. नमुना पारदर्शक पिशवीत घालून खिडकीत ठेवू नका, उजेडाने हळद विटते. झाकणाचा डबा आणि अंधारं कपाट बरं.

आता कागद. चालू खातं आणि जीएसटी असेलच. डीजीएफटीच्या (केंद्राचं विदेश व्यापार खातं) साइटवर 500 रुपये भरून आयईसी, म्हणजे आयात-निर्यातीचा कोड नंबर काढा. नंबर पॅनचाच असतो, मात्र दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये तो अपडेट करायला विसरू नका, नाहीतर बंद पडतो. मसाले बोर्डाची निर्यातदार नोंदणी, एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षेचा) परवाना, दर आर्थिक वर्षाचं एलयूटी (जीएसटी न भरता निर्यात करण्याचं हमीपत्र), आणि बँकेचं पत्र घेऊन न्हावाशेवा बंदरात एडी कोडची (परकीय चलनाचे व्यवहार करणाऱ्या तुमच्या बँकेचा कोड) नोंदणी. शेवटच्या कामात चांगला सीएचए (कस्टम्सचं काम करून देणारा एजंट) गाठला की अर्धी डोकेदुखी जाते.

मग भाव. एफओबी (माल जहाजावर चढेपर्यंतचा भाव) म्हणालात तर सांगलीहून बंदरापर्यंतचं ट्रकभाडं, सीएचएचे पैसे, बंदराचा खर्च तुमच्या अंगावर. सीआयएफ (ग्राहकाच्या बंदरापर्यंतचा भाव) म्हणालात तर जहाजाचं भाडं आणि विमाही. हे लेखी असू द्या. अमिरातीशी 1 मे 2022 पासून व्यापार करार लागू आहे. त्यातल्या आयात शुल्काच्या सवलतीसाठी मूळ देशाचा दाखला (माल भारतातलाच असल्याचं प्रमाणपत्र) हवा का, हे ग्राहकाला आधीच विचारा. किरकोळ पाकिटं असतील तर अरबी लेबलचा मजकूर त्याच्याकडूनच तपासून घ्या, छपाई त्यानंतर.

पैशाच्या बाबतीत भिडस्तपणा अजिबात नको. काही रक्कम आगाऊ, आणि उरलेली जमा झाल्याशिवाय मूळ बिल ऑफ लेडिंग (जहाज कंपनीची मालाची पावती, ती दाखवूनच ग्राहकाला माल सोडवता येतो) हातातून सोडायचं नाही. उधारीच द्यायची असेल तर ईसीजीसीचा (निर्यातीचे पैसे बुडाल्यास भरपाई देणारी सरकारी कंपनी) विमा उतरवून मगच.

लाकडी पॅलेट वापरणार असाल तर त्यावर आयएसपीएम-15 चा (लाकडावर कीडनाशक प्रक्रिया झाल्याचा आंतरराष्ट्रीय) शिक्का बघा. कंटेनर भरण्याआधी आत उभं राहून दार लावून घ्या. कुठूनही उजेड दिसला तर तिथून पाणी येणार, तो कंटेनर परत करा. ओल शोषणाऱ्या पिशव्या टांगा, पोती भरल्यावर एक फोटो, दाराला सील लागल्यावर दुसरा. त्यात सीलचा नंबर नीट वाचता आला पाहिजे.