केरव्यातलं गाणं दादऱ्यात कसं न्यायचं: जो कॉकरची शिकवणी

कव्हर, म्हणजे दुसऱ्याचं गाणं आपल्या ढंगात, करायचं म्हटलं की बहुतेक लोक काय करतात, गिटारला डिस्टॉर्शन लावतात, ड्रम बडवतात आणि शेवटच्या ओळीला किंचाळतात, झालं रॉक व्हर्जन. मी स्वतः हे बरीच वर्षं केलंय त्यामुळे नावं ठेवायचा हक्क आहे मला. मग एकदा ब्रिटिश गायक जो कॉकरचं 'विथ अ लिटल हेल्प फ्रॉम माय फ्रेंड्स' नीट बसून ऐकलं आणि कळलं की आवाज वाढवणं हा सगळ्यात शेवटचा भाग आहे.

आधी दोन्ही व्हर्जन पाठोपाठ ऐका. मूळ गाणं बीटल्सचं, १९६७ च्या 'सार्जंट पेपर' अल्बममधलं, गायलंय ड्रमर रिंगो स्टारने. त्याच्या आवाजाची रेंज बेताची म्हणून बँडमधल्या लेनन-मॅकार्टनी या गीतकार जोडीने चाल मुद्दाम थोडक्या सुरांत ठेवली, शेवटचा एक सूर तेवढा वर जातो आणि त्यालाच तो घाबरला होता म्हणे. गाणं कसं आहे, कट्ट्यावर मित्राच्या खांद्यावर हात टाकून म्हणावं तसं, चार-चारच्या ठेक्यात, पावणेतीन मिनिटांत खलास. कॉकरने १९६८ मध्ये तेच शब्द घेतले आणि ते गाणं रडकुंडीला आलेल्या माणसाचं केलं. नोव्हेंबरमध्ये ब्रिटनमध्ये एक नंबरला गेलं.

त्याने मुख्य काय बदललं तर ताल. चार-चारचा सहा-आठ केला, म्हणजे आपल्या भाषेत केरव्यातनं (आठ मात्रांचा ताल) दादऱ्यात (सहा मात्रांचा) आणला. पण का बदलला ते महत्त्वाचं. त्या गाण्यात गाणारा स्वतःच विचारतो की मी बेसूर गायलो तर तुम्ही काय कराल. रिंगोने ते हसत विचारलं, कॉकरला त्यात भीती दिसली. म्हणून पहिली पायरी, गिटार बाजूला ठेवा आणि गाण्याचे शब्द कविता वाचल्यासारखे मोठ्याने वाचा. मूळ गायकाने एखादी ओळ हलक्यात घेतली असेल आणि तुम्हाला ती टोचत असेल तर गाणं घ्या, नाहीतर दुसरं शोधा.

आता ताल. एक साधी ओळ मनाने बनवून घेतो, 'सांग ना रे मित्रा मला'. आठ अक्षरं, केरव्याच्या आठ मात्रा, एकास एक बसतात. दादऱ्यात नेताना जोड्या करा, प्रत्येक जोडीतलं पहिलं अक्षर दोन मात्रा आणि दुसरं एक. सांऽग नाऽरे, मिऽत्रा मऽला. बारा मात्रा झाल्या, म्हणजे दादऱ्याची दोन आवर्तनं, तालाचे दोन पूर्ण फेरे. मांडीवर धा धी ना धा ती ना वाजवत म्हणून बघा, लगेच झोका येतो. पण इथेच थांबलात तर नुसतं झुलणारं गाणं होईल, पिकनिकच्या बसमधलं. लय उतरवा, चांगली उतरवा, इतकी की दोन अक्षरांच्या मधे श्वास घ्यायला जागा मिळेल. कॉकरच्या गाण्यात तीच जागा ऑर्गन आणि गिटार भरतात (गिटारवर जिमी पेज आहे, लेड झेपलिनवाला), आणि म्हणून ते पाच मिनिटांच्या वर जातं.

बँड असेल तर एक धोका सांगतो. सोसायटीच्या गणपतीत आम्ही एक जुनं भावगीत असं दादऱ्यात केलं, पहिलं कडवं मस्त गेलं, दुसऱ्याला ड्रमर नकळत केरव्यात घसरला कारण मूळ गाणं लहानपणापासून कानात, मी दादऱ्यात, बेसवाला दोघांच्या मधे कुठेतरी, पहिल्या रांगेतल्या काकू टाळ्या वाजवत होत्या त्यापण थांबल्या. तेव्हापासून नियम, ताल ठरला की कार्यक्रम होईपर्यंत मूळ गाणं कोणी ऐकायचं नाही, आणि पहिल्या दोन तालमी फक्त हाय-हॅटवर (ड्रमच्या जोड-झांजेवर) सहा मोजत गायचं, बाकी वाद्यं बंद.

पट्टी मूळ गायकाची घेऊ नका, तुमची घ्या. अख्खं गाणं मधल्या आवाजात आरामात म्हणता यायला हवं आणि वरची जागा जेमतेम गाठता यायला हवी, ताण तिथेच दिसला पाहिजे.

कोरस विसरू नका. या गाण्यात सुरुवातीचा प्रश्न गायकाचा असला तरी पुढे कोरस प्रश्न विचारतो आणि गायक उत्तर देतो. कॉकरच्या रेकॉर्डवर कोरसला बायका आहेत, गॉस्पेल (चर्चमधल्या गाण्याच्या) ढंगाच्या, पण ऑगस्ट १९६९ ला अमेरिकेतल्या वुडस्टॉक संगीत महोत्सवात त्या नव्हत्या तर बँडमधल्या पुरुषांनीच पातळ आवाज काढून निभावलं, आणि लोकांना तेच जास्त आठवतं. सो मुली नाहीत ही सबब चालणार नाही.

रेकॉर्ड करून बाहेर काढणार असाल तर कायदा बघा. आपल्या भारतीय कॉपीराइट कायद्याच्या कलम ३१सी प्रमाणे मूळ रेकॉर्डिंगचं वर्ष संपल्यावर पाच कॅलेंडर वर्षं जावी लागतात, आधी नोटीस आणि रॉयल्टी द्यावी लागते, आणि मालकाच्या संमतीशिवाय गाण्यात बदल करता येत नाहीत, तांत्रिक गरजेचे सोडून. म्हणजे आपण वर जे केलं त्याला परवानगी लागणार हे धरून चाला.

राहिली किंकाळी. कॉकरची ती प्रसिद्ध किंकाळी गाणं बरंच पुढे गेल्यावर येते, तोवर त्याने राखून ठेवलेली असते. एकदाच मारा. आणि तालमीत तर अजिबात नको, संध्याकाळी तीन वेळा मारलीत की दुसऱ्या दिवशी ऑफिसात खुणा करून बोलावं लागतं. तालमीला मी त्या जागी नुसता हात वर करतो आणि बाकीचे दोन आवर्तनं सोडून पुढे जातात.