ब्लॅक डेथच्या कारणावर लिहिताना या चुका टाळा

ब्लॅक डेथ म्हणजे चौदाव्या शतकात युरोपभर पसरलेली महामारी. तिच्याबद्दल सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे ‘जंतू कोणता?’ आणि ‘तो पसरला कसा?’ या दोन प्रश्नांची सरमिसळ. पहिला सुटलाय: येर्सिनिया पेस्टिस, म्हणजे प्लेगचा जीवाणू. दुसऱ्यावर वाद चालू आहे, आणि तो चालायलाच हवा.

ब्लॅक डेथ म्हणजे प्लेगच, या मतावर इतिहासकार सॅम्युअल कोहन यांनी घेतलेला आक्षेप बघा. १८९६ नंतरच्या मुंबईच्या प्लेगच्या साथीत आधी उंदीर पटापट मरून पडत, साधारण दहा-चौदा दिवसांनी माणसांना गाठी येत. चौदाव्या शतकातल्या युरोपच्या नोंदींत उंदरांची अशी मर दिसत नाही, आणि साथ मात्र कितीतरी वेगाने पसरली. आक्षेप मोलाचा आहे. पण त्यातून फार तर ‘उंदीर आणि त्याच्या पिसवा हीच एकमेव वाट नसावी’ एवढंच निघतं. माणसाच्या अंगावरच्या पिसवा-उवांचाही विचार त्यामुळेच होतो. ‘जंतूच वेगळा होता’ हे यातून निघत नाही.

दुसरी चूक: एकाच प्रयोगावर निकाल देऊन मोकळं होणं. २००० साली फ्रान्समधल्या माँपेलिएच्या सांगाड्यांच्या दातांत जंतूचा डीएनए सापडल्याचं जाहीर झालं. २००४ मध्ये दुसऱ्या गटाने युरोपातल्या इतर दफनस्थळांचे दात तपासले. काही मिळालं नाही. लगेच ‘प्लेग नव्हताच’ असे लेख निघाले. डीएनए न सापडणं म्हणजे जंतू नसणं नव्हे, डीएनए शतकानुशतकं मातीत कुजतो. कोंडी फुटली २०११ मध्ये, लंडनच्या ईस्ट स्मिथफील्डमधल्या सांगाड्यांतून जंतूचा अख्खा जीनोम (संपूर्ण डीएनए) जुळवला गेला तेव्हा.

असा शोधनिबंध हाती आला की सारांशावर भागवू नका. तीन गोष्टी तपासा. डीएनएचे तुकडे आखूड आहेत का? जुन्या डीएनएचे बहुधा १०० बेस-जोड्यांच्या (डीएनएच्या ‘अक्षरां’च्या जोड्यांच्या) आतच असतात. तुकड्यांच्या टोकांशी सायटोसिन या अक्षराच्या जागी थायमिन हे अक्षर वाचलं जातंय का? ही झीज आजच्या भेसळीत नसते. आणि साथीपूर्वीच्या कबरींचे नमुने कोरे, म्हणजे जंतूच्या डीएनएविना, आले का? लंडनच्या अभ्यासात सेंट निकोलस शॅम्बल्स या साथीपूर्वीच्या दफनभूमीचे नमुने त्यासाठीच होते, आणि ते कोरे आले.

फक्त ‘पीएलए’ हा प्लेगच्या जंतूची खूण म्हणून शोधला जाणारा जनुक सापडला म्हणून नाचू नका, त्याच्यासारखे जनुक इतर जीवाणूंतही आढळतात.

ब्लॅक डेथ जीवाणूमुळे नव्हे तर विषाणूमुळे झाली, असं म्हणणाऱ्या २००१ च्या सिद्धांताचा हवाला द्यायचा तर सोबत २०११ चा निकालही द्या.